फुटलेल्या अपेंडिक्सचा कल्चर रिपोर्ट कसा वाचू नये

घरात एक जण मायक्रोबायोलॉजी शिकलेला असला की अख्ख्या खानदानाचे रिपोर्ट त्याच्या फोनवर यायला लागतात, लघवीचे, थुंकीचे, कुणाच्या तरी चुलत सासऱ्यांच्या जखमेचे. मी पुण्यात एका प्रायव्हेट लॅबमधे कल्चरच्या, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायच्या, बेंचवर काम करते, एमएस्सी आहे, डॉक्टर नाही, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी "हो गं, पण तू बघ तर" असं उत्तर येतं. तर मधे मामेभावाने रात्री उशिरा एक पीडीएफ पाठवली आणि खाली मेसेज, "ताई, जे औषध चालू आहे त्याच्यापुढेच आर लिहिलंय. आणि दुसरं जे चालू आहे ते तर यादीतच नाहीये. हे लोक करतायत काय नक्की?" आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, दाद देतो.

त्याचा मुलगा आठवीत आहे. बेंबीभोवती दुखायला लागलं, एक उलटी झाली, मामीने रीतसर बेंबीला हिंग लावला, ओवा दिला, सगळ्यांनी मिळून आदल्या दिवशीच्या पाणीपुरीवर खापर फोडलं. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि मग दुपारी अचानक कमी झालं, म्हणून घरात सगळे निवांत झाले. हे असं मधेच कमी होणं म्हणजे कधीकधी अपेंडिक्स फुटल्याची खूण असते, आतलं प्रेशर गेलं की थोडा वेळ बरं वाटतं, पण हे कुणाला माहीत असणार. संध्याकाळी ताप, पोट कडक, सोनोग्राफी, आणि रात्रीच दुर्बिणीने ऑपरेशन. पू निघाला, धुतला, ड्रेन ठेवला, पू कल्चरला पाठवला आणि रिपोर्टची वाट न बघता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल सुरू केलं.

रिपोर्टमधे काय होतं, तर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू, ईएसबीएल प्रोड्युसर, म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम बनवणारा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर, सेफिक्सिम आर, सिप्रो आर, अमॉक्सी-क्लॅव आर. अमिकासिन एस, पिपटॅझ (पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम) एस, मेरोपेनेम एस. मेट्रोनिडाझोलचा उल्लेखच नाही. म्हणजे मामेभावाचे दोन्ही प्रश्न चोख होते, आणि उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी यादीत नसलेलं औषध. मोठ्या आतड्यात जे जंतू राहतात त्यातले शंभरात नव्याण्णवहून जास्त अ‍ॅनारोब असतात, म्हणजे ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही असे. ई. कोलाय त्या गर्दीत अगदी मायनॉरिटी, पण तो हवेत वाढतो, मॅककाँकी नावाच्या जंतू वाढवायच्या साध्या प्लेटवर एका रात्रीत गुलाबी कॉलनी देतो, त्यामुळे रिपोर्टवर नाव त्याचं येतं. सोसायटीच्या मीटिंगला जे चार काका नेमाने येतात त्यांच्यावरून अख्ख्या सोसायटीत कोण राहतं ते ठरवण्यासारखं आहे हे. अपेंडिक्स फुटलं की ती सगळीच गर्दी पोटात सांडते, त्यात बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस असतो, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस असतात (हे दोन्ही अ‍ॅनारोब), साखळीतले स्ट्रेप्टोकॉकस असतात, आणि हो, ई. कोलाय असतो. हे काही नवीन नाहीये, १९३८ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या आल्टेमायर नावाच्या सर्जनने फुटलेल्या अपेंडिक्सच्या १०० पेशंटचा पू नीट, अ‍ॅनारोबिक पद्धतीने सुद्धा, वाढवून बघितला होता आणि एकेका पेशंटमधे सरासरी चारच्या वर प्रकारचे जंतू मिळाले होते. पेनिसिलिन बाजारात यायच्या आधीची गोष्ट आहे ही. आज आपला रिपोर्ट एकच नाव सांगतो, कारण आपण एकालाच वाढायची संधी देतो.

अ‍ॅनारोब वाढवायचे तर हवाबंद जार लागतो, त्यातला ऑक्सिजन काढायचं पाकीट लागतं, ऑक्सिजन खरंच गेलाय का ते दाखवणारा इंडिकेटर लागतो, कुक्ड मीटची ट्यूब लागते, आणि मुख्य म्हणजे जार ४८ तास उघडायचा नाही. मग ओळख पटवायला अजून दिवस. तोपर्यंत पेशंट बहुतेक वेळा घरी जाऊन वरण-भात खात असतो. म्हणून बऱ्याच लॅब हे करतच नाहीत, आणि रिपोर्टमधे "एरोबिक कल्चर" असा शब्द बारीक अक्षरात असतो तो कुणी वाचत नाही. मेट्रोनिडाझोल ई. कोलायवर चालतच नाही, त्यामुळे ई. कोलायच्या सेन्सिटिव्हिटीच्या यादीत ते असायचं काही कारणच नाही. ते औषध जंतूच्या पेशीत गेल्यावर, ऑक्सिजन नसेल तरच, बदलून कामाला लागतं, म्हणजे नेमकं जिथे आपली प्लेट आंधळी आहे तिथेच ते काम करतं. म्हणून "रिपोर्टमधे फक्त ई. कोलाय आहे, मग मेट्रो बंद करा" असं जे नातेवाईक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून ज्युनिअर डॉक्टर पण विचारतात, ते चूक आहे.

रिपोर्टवर एक ओळ असते ग्रॅम स्टेनची. पू काचेवर पसरून रंगवून अर्ध्या तासात सांगता येतं की काय काय दिसतंय. फुटलेल्या अपेंडिक्सच्या पूमधे मला बहुतेक वेळा भरपूर पस सेल्स, जाड गुलाबी काड्या, त्यात काही बारीक फिकट काड्या आणि मधे साखळीतले जांभळे ठिपके असं सगळं एकत्र दिसतं. आणि दोन दिवसांनी प्लेटवर येतो एकटा ई. कोलाय. बाकीचे कुठे गेले? ते होते, फक्त हवेत मेले. ही विसंगती म्हणजेच अ‍ॅनारोब असल्याचा पुरावा, फुकटात मिळणारा. शिवाय वास. ज्याने एकदा तो पू हुंगलाय त्याला जार उघडायची गरज नाही.

या दोन औषधांच्या जोडीमागे एक भारी प्रयोग आहे, १९७० च्या दशकातला, अमेरिकेतला. उंदरांच्या, म्हणजे रॅट्सच्या, आतड्यातला माल जिलेटिनच्या कॅप्सूलमधे भरून त्यांच्या पोटात ठेवायचा, कॅप्सूल विरघळली की झालं फुटलेलं अपेंडिक्स तयार. औषध न दिलेल्यांपैकी ३७ टक्के सुरुवातीलाच मेले आणि जे जगले त्या सगळ्यांना नंतर पोटात गळू झालं. मग काहींना फक्त जेंटामायसिन दिलं, जे ई. कोलायवर चालतं पण अ‍ॅनारोबवर नाही, तर मृत्यू आले ४ टक्क्यांवर पण वाचलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना गळू. काहींना फक्त क्लिंडामायसिन, म्हणजे अ‍ॅनारोबवालं, तर गळू ५ टक्क्यांना पण मृत्यू ३५ टक्के, म्हणजे काहीच न दिल्यासारखे. दोन्ही एकत्र दिलं तेव्हा कुठे दोन्ही आकडे दहाच्या आत आले. थोडक्यात ई. कोलाय आधी मारतो आणि बॅक्टेरॉइड्स नंतर गळू करतो, अशी कामाची वाटणी आहे. मला मायक्रोबायोलॉजीत इतका स्वच्छ प्रयोग फार कमी आठवतो. नंतर बॅक्टेरॉइड्स क्लिंडामायसिनला दाद देईनासा झाला, जेंटामायसिनला किडनीची भीती, म्हणून जोडीतली नावं बदलली, पण जोडी राहिली.

आता दुसरा प्रश्न, जो जास्त अवघड आहे. चालू असलेलंच औषध आर आलं तर?

मामेभावाने तोपर्यंत गुगल केलं होतं आणि त्याला सापडलं होतं की परदेशात बरेच सर्जन हल्ली अपेंडिक्सचं कल्चर पाठवतच नाहीत, कारण रिपोर्ट येऊनही औषध कुणी बदलत नाही आणि बदललं तरी फार फरक पडत नाही. हे खरं आहे, तसे पेपर ढिगाने आहेत. त्यामुळे आपल्याकडे पण कॉन्फरन्सला जाऊन आलेले काही जण "कल्चर इज यूसलेस" असं ठोकून देतात. इथे माझं डोकं फिरतं. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या २०१० च्या गाइडलाइनमधे कमी धोक्याच्या पेशंटला कल्चर ऐच्छिक आहे असं लिहिलंय, पण त्याच्याच आसपास असंही लिहिलंय की तुमच्या भागात नेहमीच्या औषधाला ई. कोलायसारखे जंतू १० ते २० टक्के रेझिस्टंट असतील तर फुटलेल्या अपेंडिक्समधे कल्चर रूटीनली पाठवा. दहा ते वीस टक्के! आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दर वर्षी मोठ्या हॉस्पिटलांमधल्या जंतूंचा हिशोब काढते, त्यात ई. कोलाय पिपटॅझला सेन्सिटिव्ह असण्याचं प्रमाण २०१७ मधे ५६.८ टक्के होतं ते २०२३ मधे ४२.४ वर आलंय. आणि पिपटॅझ म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या वरची पायरी. आता हे आकडे मोठ्या हॉस्पिटलातल्या जास्त आजारी पेशंटचे आहेत, आठवीतल्या धडधाकट पोराच्या पोटात तितकं वाईट चित्र नसणार हे मान्य, पण वीस टक्क्यांची रेघ आपण कधीच ओलांडलीये. कल्चर तिकडे निरुपयोगी का, तर तिकडच्या ई. कोलायचा अंदाज बांधता येतो म्हणून. आपल्याला येत नाही. गाइडलाइनचं अर्धं वाक्य आणायचं आणि अर्धं तिकडेच सोडायचं असं कसं चालेल.

बरं, पण मग पोराचं औषध बदललं का? नाही बदललं. आणि मला ते पटलं.

कारण त्याच गाइडलाइनमधे तिसरी गोष्ट आहे, की अशा घरून आलेल्या, साध्या पेशंटची तब्येत नीट सुधारत असेल तर रिपोर्टमधे अनपेक्षित जंतू आला तरी औषध बदलायची गरज नाही. रिपोर्ट आला तेव्हा पोराचा ताप उतरलेला, पांढऱ्या पेशी खाली येत होत्या, गॅस पास झालेला, आणि तो आईकडे मोबाइल मागत होता. सर्जननी सांगितलं की मी कागदाला नाही, पेशंटला औषध देतोय, एक दिवस अजून बघू. मुख्य काम त्या रात्रीच झालं होतं, अपेंडिक्स काढलं, पू काढला. अँटिबायोटिक उरलेल्या किरकोळ जंतूंसाठी, आणि तिथे शरीर स्वतःही बरंच काम करतं. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड, १९०२, राज्याभिषेक दोन दिवसांवर आणि त्याला अपेंडिक्सचं गळू. २४ जूनला ट्रीव्ह्ज नावाच्या सर्जनने गळू उघडून पू काढला, अपेंडिक्स तसंच ठेवलं, अँटिबायोटिक नावाचा प्रकार अस्तित्वातच नव्हता, आणि ९ ऑगस्टला राजेसाहेब मुकुट घालून तयार. तेव्हा असे पेशंट मरायचेही भरपूर, त्यामुळे यावरून औषध नको असा अर्थ काढू नका, पण पू बाहेर काढणं आणि औषध यात मोठा भाऊ कोण ते कळतं.

साधारण हाच रिपोर्ट, म्हणजे ईएसबीएल ई. कोलाय, अक्षरशः तेच आर आणि तेच एस, मी लॅबमधून दुसऱ्या एका पेशंटचा पण दिलाय. मधुमेह असलेले गृहस्थ, ऑपरेशननंतर ताप हटत नव्हता, जुलाब, पोट फुगलेलं, सीटीमधे खाली पेल्व्हिसमधे कलेक्शन, म्हणजे साठलेला पू. तिथे ट्यूब टाकून पू काढला आणि औषध लगेच मेरोपेनेमवर नेलं, आणि ते योग्यच होतं. पिपटॅझ एस असताना मेरो का, असं त्यांच्या मुलाने लॅबमधे फोन करून विचारलं होतं. तर ईएसबीएलवाले जंतू पिपटॅझला टेस्टमधे एस दिसले तरी गंभीर पेशंटमधे ते दगा देऊ शकतं. २०१८ मधे मेरिनो नावाची मोठी ट्रायल आली, रक्तात असे जंतू असलेल्या पेशंटमधे, पिपटॅझ घेतलेल्यांमधे मृत्यू १२.३ टक्के आणि मेरोपेनेममधे ३.७. ती रक्तातल्या इन्फेक्शनची आहे, पोटातल्या पूला सरळ लावता येत नाही, तरी आजारी पेशंटच्या बाबतीत ती डॉक्टरांच्या डोक्यात असतेच. तर रिपोर्ट एक, निर्णय दोन, आणि दोन्ही बरोबर.

फक्त एक तक्रार, आणि ही मी सर्जन मंडळींबद्दल प्रेमानेच करतेय. मेरोपेनेम किंवा पिपटॅझ सुरू केल्यावर पण वर मेट्रो चालूच ठेवतात. ही दोन्ही औषधं अ‍ॅनारोबना स्वतःच पुरेशी आहेत, मेट्रोची तिथे गरज नाही, पेशंटच्या तोंडाला नुसती ती लोखंडी चव आणि मळमळ. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनबरोबर मेट्रो हवंच, मेरोबरोबर नको, इतकं सोपं आहे. पण आपल्याकडे मेट्रोची बाटली सलाईनच्या स्टँडवर लटकलेली दिसली नाही तर पोटाचं ऑपरेशन झाल्यासारखं वाटतच नाही बहुतेक.

रिपोर्टमधे एन्टेरोकॉकस नावाचा जंतू आला की पण फोन येतात. घरून आलेल्या, बाकी तब्येत चांगली असलेल्या पेशंटमधे त्याच्यासाठी वेगळं औषध सहसा लागत नाही. स्यूडोमोनास हा जंतू आला तर मात्र मी स्वतः फोन करते, कारण तो सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला जुमानत नाही आणि मुलांच्या फुटलेल्या अपेंडिक्समधे तो अधूनमधून भेटतो. तरी तिथेही पेशंट कसा आहे हे पहिलं.

पोराला घरी सोडताना अजून एक महाभारत झालं. सर्जननी आयव्ही थांबवलं आणि गोळ्या दिल्याच नाहीत. मामी म्हणे, एवढं मोठं दुखणं आणि एक पण स्ट्रिप नाही? शेजारच्या काकांनी मेडिकलमधून सेफिक्सिम आणून द्यायची तयारी पण दाखवली, जे त्याच रिपोर्टमधे आर होतं हे सोडाच. पूर्वी दहा-दहा, चौदा-चौदा दिवस द्यायचे हे खरं आहे. पण २०१५ मधे स्टॉप-इट नावाची ट्रायल झाली, ५१८ पेशंट, पोटातली सगळ्या प्रकारची इन्फेक्शन्स, पू नीट काढल्यावर साधारण चार दिवस औषध विरुद्ध साधारण आठ दिवस, आणि गुंतागुंत दोन्हीकडे बावीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जास्तीच्या दिवसांनी काही मिळालं नाही. मग २०२३ मधे नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी खास फुटलेल्या आणि सडलेल्या अपेंडिक्समधेच दोन दिवस विरुद्ध पाच दिवस करून बघितलं, आठ वर्षांपासून पुढच्या वयाचे पेशंट, तिथे पण दोन दिवसवाले गुंतागुंतीत मागे पडले नाहीत, फक्त परत अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण त्यांच्यात थोडं जास्त निघालं. पोराला त्याहून जास्त दिवस मिळाले होतेच. "कोर्स पूर्ण करा" हे आपल्या डोक्यात टीबीमुळे इतकं पक्कं बसलंय की कोर्स छोटा असू शकतो हे पचत नाही.

आणि ते ऑपरेशनशिवाय नुसत्या औषधावर अपेंडिक्स बरं होतं असे फॉरवर्ड येतात, ते न फुटलेल्या अपेंडिक्सबद्दल आहे. फिनलंडच्या ट्रायलमधे फुटलेले पेशंट घेतलेच नव्हते, आणि त्यातही पाच वर्षांत साधारण ३९ टक्क्यांचं दुखणं उलटलं.

मधेच एक अवांतर. पिंपरीत एचएच्या बसस्टॉपवरून जाताना नव्या मुलांना ते काय होतं हे माहीतच नसतं, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ ची सरकारी कंपनी, देशात पेनिसिलिन बनवायला उभी केलेली. ज्या शहराच्या कडेला पेनिसिलिन बनवायला लागले तिथेच आज आठवीतल्या पोराच्या पोटात ईएसबीएल सापडतो आणि आम्हाला लॅबमधे त्याचं काही वाटेनासं झालंय.

शेवटचं, सॅम्पलबद्दल, कारण हे कुणीच बोलत नाही आणि अर्धा रिपोर्ट इथेच ठरतो. कापसाच्या स्वॅबला (काडीच्या बोळ्याला) लावलेला थेंबभर पू आम्हाला नको असतो, कापूस हवा धरतो आणि अ‍ॅनारोब वाटेतच मरतात. सिरिंजमधे दोन-तीन मिली पू ओढा, हवा काढून टाका, तोंड टोपीने नीट बंद करा, सुई लावून पाठवू नका, आणि लगेच पाठवा. फ्रिजमधे ठेवू नका, लघवी आणि पू यांना एकच नियम नसतो. रात्री दोनला ऑपरेशन झालं, स्वॅब ओटीच्या फ्रिजमधे, सकाळी दहाला पिकअपवाला, तो कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधे, दुपारी एकला आमच्या टेबलावर, आणि मग रिपोर्ट "नो ग्रोथ" आला की लॅब भिकार. शिवाय पहिलं अँटिबायोटिक ऑपरेशनच्या आधी गेलेलं असतं, ते तसंच जायला हवं, त्याला उशीर करू नये, पण आम्हाला कळवा तरी, म्हणजे ग्रॅममधे जंतू दिसून प्लेट कोरी राहिली तर का ते आम्हाला कळेल. त्यासाठी फॉर्मवर एक रकाना आहे, "सध्या चालू असलेली अँटिबायोटिक्स व शेवटचा डोस किती वाजता". बहुतेक वेळा तो कोरा येतो. कधीतरी भरलेला येतो, तेव्हा त्यात "येस" लिहिलेलं असतं.